राजधानीबाहेरील दोन क्रीडास्थळे

नवव्या आशियाई क्रीडास्पर्धा १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२ या काळात दिल्लीत भरल्या. त्यांसाठी जवाहरलाल नेहरू स्टेडियम, इंद्रप्रस्थ स्टेडियम, तालकटोरा जलतरण तलाव अशी भव्य क्रीडास्थळे तेथे उभारण्यात आली. तरीही पाण्यावरील दोन क्रीडाप्रकार राजधानीबाहेर न्यावे लागले.

शिडाच्या नौकांच्या शर्यती साहजिकच मुंबईत झाल्या. दिल्लीला समुद्र नाही. मुंबईत समुद्र, वारा आणि या खेळाची जुनी परंपरा होतीच. फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

वल्हवण्याच्या नौकांच्या शर्यतींचा समावेश त्या वर्षी आशियाई स्पर्धांत प्रथमच झाला. त्यांची गरज अगदी उलट. वारा जितका कमी तितका चांगला. पाणी संथ आणि मार्ग लांब, सरळ व पुरेसा खोल हवा. त्यासाठी जयपूरजवळील रामगढ तलावाची निवड झाली. बाणगंगा नदीवरील धरणाचा हा तलाव जयपूरला पिण्याचे पाणीही पुरवीत असे.

पुढील हकीकत स्थळनिवडीशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावी अशी आहे. पाणलोट क्षेत्रातील अतिक्रमणे आणि वरच्या अंगाचे लहानमोठे बंधारे यांमुळे तलावाकडे येणारे पाणी अडत गेले व २००० नंतर तो कोरडा पडला. शर्यतीच्या दृष्टीने केलेली निवड चुकली नव्हती. परंतु तलावाला पाणी देणारे ओढेनाले कोणत्याही क्रीडासमितीच्या अखत्यारीत नसतात; ते गावांच्या शिवारातून वाहतात आणि त्यांची नोंद महसुली दप्तरात असते.