शिसे सालीवर, कॅडमियम गरात

प्रश्न : आंबा स्वच्छ धुऊन, सोलून खाल्ला तर त्यातले शिसे, कॅडमियम निघून जाते का? आणि फळातले असे धातू प्रयोगशाळेत शोधतात कसे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : शिसे बरेचसे जाते, कॅडमियम जात नाही. शिसे मुळांतून फळापर्यंत फारसे चढत नाही. ते बहुधा धुळीबरोबर सालीवर बसते. देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० साली आले, पण रस्त्याकडेच्या मातीत आधी मुरलेले शिसे अजून तिथेच आहे. तेव्हा धुवा आणि सोला, त्याचा खरेच उपयोग होतो.

कॅडमियम मात्र फॉस्फेटयुक्त खतांतून थोडेथोडे जमिनीत साठते. जमीन आम्लधर्मी असेल तर मुळे ते सहज उचलतात आणि ते थेट गरात उतरते. जानेवारी २०२५ मध्ये चीनने थायलंड आणि व्हिएतनामहून येणाऱ्या ड्युरियन फळाच्या खेपांबरोबर कॅडमियम तपासणीचा दाखला सक्तीचा केला. तिथली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. व्हिएतनामची ड्युरियन निर्यात त्या काळात कोसळली. वर्षानुवर्षे जमिनीत काय साठले, याचा हिशेब बागायतदाराला असा ऐन हंगामात द्यावा लागला, याचे फार वाईट वाटते. कोकणातली जांभी जमीनही आम्लधर्मीच, म्हणून हे उदाहरण आपल्याला दूरचे नाही.

प्रयोगशाळेत फळ वाटून एकजीव करतात. त्यातला जेमतेम अर्धा ग्रॅम नायट्रिक आम्लात, बंद भांड्यात, मायक्रोवेव्हच्या उष्णतेने पूर्ण विरघळवतात. ते द्रावण ‘आयसीपी-एमएस’ या यंत्रातल्या हजारो अंश तापलेल्या प्लाझ्मात फवारले जाते. तिथे अणू विद्युतभारित होतात आणि वस्तुमानानुसार वेगळे होऊन मोजले जातात. सोबत फळाविना नुसते आम्लही तपासतात, कारण भांड्यातला किंवा हवेतला अंशही आकडा बिघडवू शकतो.

अहवाल वाचताना एक गोष्ट जरूर पाहा. ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय मानकात फळांतल्या शिशाची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. आंब्याची कोय काढून उरलेला भाग तपासतात, पण प्रमाण काढतात अख्ख्या फळाच्या वजनावर. शिवाय साल आणि गर एकत्रच वाटलेले असतात, त्यामुळे धातू नेमका कुठे होता हे त्या आकड्यावरून कळत नाही. स्वतः पैसे भरून तपासणी करणार असाल तर दोन्ही वेगळे तपासून मागा. गरात कॅडमियम निघाले तर बागेतली माती तपासून घ्या. आम्लता जास्त असल्यास कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने चुना घालता येतो.