लिनक्सच्या आवृत्त्यांचे आयुर्मान आणि सीमाभागातील शाळा

निपाणी परिसरातील शेतकऱ्यास सोयाबीनच्या पिशवीवरील प्रमाणपत्राची चिठ्ठी वाचण्याची सवय आहे. प्रमाणित बियाण्याची वैधता तपासणीच्या दिनांकापासून नऊ महिने असते आणि फेरतपासणीत ते प्रमाणानुसार उतरल्यास ती आणखी सहा महिने वाढविता येते. मुदत उलटलेले बियाणे दिसावयास पूर्वीसारखेच असते. त्यातील उणेपणा पेरणीनंतर कळतो. संगणकाच्या कार्यप्रणालीचीही स्थिती अशीच आहे. फरक एवढाच की, तिच्यावर अशी चिठ्ठी लावलेली नसते. ती तारीख शोधून काढावी लागते आणि बहुतेक शाळांत ती कोणी शोधत नाही.

दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीच्या नियमित विनामूल्य दुरुस्त्या थांबल्या. पुढील प्रणालीस लागणारी यंत्रसामग्री नसल्यामुळे अनेक जुने संगणक मागे राहिले. अशा संगणकांवर लिनक्स बसवावे, असा सल्ला आता सर्वत्र दिला जातो. सल्ला योग्य आहे; परंतु 'लिनक्स फुकट आहे व ते कधी जुने होत नाही' ही जी समजूत त्यासोबत पसरते, ती मात्र निखालस चुकीची आहे.

लिनक्स हे मूळ नाव केवळ गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने तो १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. हा गाभा, लेखनाची व हिशेबाची साधने, टंक आणि पडद्याची मांडणी यांचा एकत्र संच तयार करून देणाऱ्यास 'वितरण' असे म्हणतात. उबंटू, डेबियन, फेडोरा ही अशी वितरणे होत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेचे 'बॉस' हे वितरणही डेबियनवर आधारलेले आहे. नवा कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघतो, परंतु शाळेने त्यामागे धावण्याचे कारण नाही. शाळेचा संबंध येतो तो वितरणाच्या आवृत्तीशी.

आवृत्ती निघाली म्हणजे ती पूर्ण झाली असे नव्हे. नंतरही तीत उणिवा सापडत राहतात आणि त्यांपैकी काही अशा असतात की, त्यांतून परका मनुष्य दुसऱ्याच्या संगणकात शिरू शकतो. वितरण तयार करणारे लोक या उणिवा बुजवून दुरुस्त्या पाठवितात. हे पाठबळ किती काळ मिळणार, हे आधीच ठरलेले असते. तो काळ संपल्यावर संगणक बंद पडत नाही, कुरकुरही करीत नाही. आणि यातच खरा धोका आहे. 'चालते आहे ते चालू द्यावे' हा सुज्ञपणा चरकाच्या बाबतीत शोभतो. ज्या संगणकात विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक व शिष्यवृत्तीची बँक खाती नोंदलेली आहेत आणि जो महाजालाशी जोडलेला आहे, त्याच्या बाबतीत तो निष्काळजीपणा ठरतो.

प्रत्येक वितरणाची रीत निराळी आहे. फेडोराची आवृत्ती सुमारे सहा महिन्यांनी येते आणि तिला जेमतेम तेरा महिने पाठबळ मिळते. डेबियनची आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. तीन वर्षे पूर्ण आणि त्यापुढे दोन वर्षे मर्यादित, असे पाच वर्षांचे पाठबळ तिला असते. आर्चसारख्या वितरणांत आवृत्ती हा प्रकारच नाही. तेथे बदल अखंड येत राहतात, त्यामुळे ती शाळेच्या उपयोगाची नाहीत.

उबंटूचा विचार थोडा विस्ताराने करावयास हवा, कारण शाळांत तेच अधिक आढळते. त्याच्या आवृत्तीच्या नावातच जन्मतारीख असते. २४.०४ म्हणजे २०२४ सालचा एप्रिल. दर सम वर्षाच्या एप्रिलमध्ये निघणारी आवृत्ती दीर्घकालीन असते आणि तिला पाच वर्षे नियमित पाठबळ मिळते. मध्यंतरी निघणाऱ्या इतर आवृत्त्यांचे आयुष्य अवघे नऊ महिन्यांचे. नवी दिसते म्हणून जूनमध्ये अशी आवृत्ती बसविणाऱ्या शाळेस वार्षिक परीक्षेपूर्वीच ती निकामी झालेली आढळेल. पाच वर्षांनंतरचे विस्तारित पाठबळ वैयक्तिक वापरासाठी पाच संगणकांपर्यंत विनामूल्य आहे. संस्थांना त्याचे शुल्क पडते.

येथे एक बारकावा सहसा निसटतो. जुन्या यंत्रांसाठी झुबंटू व लुबंटू हे उबंटूचे हलके प्रकार सुचविले जातात. त्यांच्या दीर्घकालीन आवृत्तीस पाच नव्हे, तीनच वर्षांचे पाठबळ असते. नावातील अंक तोच असल्यामुळे चूक होणे साहजिक आहे. यंत्र ३२ बिटचे असेल, तर वाट आणखी अरुंद होते. उबंटूने अशा यंत्रांसाठीचा मुख्य संच २०१७ मध्येच बंद केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ पासून तेथेही नव्याने बसविण्याची सोय राहिलेली नाही.

जाहीर झालेली तारीखही क्वचित पाळली जात नाही. सेंटओएस ८ हे वितरण सप्टेंबर २०१९ मध्ये आले, तेव्हा ते २०२९ पर्यंत चालेल अशी अपेक्षा होती. ८ डिसेंबर २०२० रोजी, ते ३१ डिसेंबर २०२१ अखेर थांबेल, असे घोषित झाले. दहा वर्षांच्या भरवशावर उभारलेल्या व्यवस्था सव्वादोन वर्षांत उघड्या पडल्या. विशेष म्हणजे आधीचे सेंटओएस ७ मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालले; नवे आधी गेले आणि जुने मागे राहिले! त्या घटनेतून अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स ही पर्यायी वितरणे २०२१ मध्ये उभी राहिली. संहिता सर्वांना खुली असल्यामुळेच हे शक्य झाले.

बेळगाव व चिक्कोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांतील मराठी शाळांची एक निराळी गरज आहे. खानापूर किंवा निपाणी तालुक्यातील शिक्षकास एकाच टेबलावर मराठीत प्रश्नपत्रिका आणि कन्नडमध्ये कार्यालयीन पत्र तयार करावे लागते. देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांचे 'लोहित' टंक लिनक्समध्ये विनामूल्य मिळतात. ते रेड हॅट या कंपनीने उपलब्ध करून दिले असून तिच्या पुण्यातील अभियंत्यांचा त्या कामात मोठा वाटा आहे. तथापि आवृत्ती बदलताना टंक व कळफलकाची मांडणी पुन्हा तपासावी लागते. जोडाक्षरे, रफार आणि कन्नडमधील ओत्तक्षरे नीट उमटतात की नाही, हे एका संगणकावर छापून पाहिल्याखेरीज साऱ्या कक्षात बदल करू नये. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेले जुने दस्तऐवज असल्यास ते आधीच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत.

बदलासाठी योग्य वेळ कोणती? केरळ शासनाच्या 'काइट' या संस्थेने शाळांसाठी उबंटूच्या १८.०४ व २२.०४ या आवृत्त्यांवर आधारित संच दिले. म्हणजे एक दीर्घकालीन आवृत्ती सोडून पुढची घेतली. हे चार वर्षांचे चक्र आपल्या शाळांनाही मानवण्यासारखे आहे. कर्नाटकातील शाळांची उन्हाळी सुटी एप्रिल-मे महिन्यांत असते. एप्रिलमध्ये निघालेली आवृत्ती लगेच न बसविता पुढील वर्षाच्या सुटीत बसविली, तर आरंभीच्या उणिवा तोवर दूर झालेल्या असतात आणि चार वर्षांचे आयुष्य शिल्लक असते. २०.०४ चे नियमित पाठबळ मे २०२५ मध्ये संपले आहे. तिच्यावर चालणाऱ्या कक्षांनी थांबू नये. २२.०४ ची मुदत २०२७ पर्यंत व २४.०४ ची २०२९ पर्यंत आहे.

चालू प्रणालीतूनच चढत जावयाचे झाल्यास मधली दीर्घकालीन आवृत्ती गाळता येत नाही. त्यापेक्षा विदा वेगळ्या डिस्कवर घेऊन नव्याने स्थापना करणे सोपे पडते. संच सुमारे सहा गिगाबाइटचा असतो. तो एकदाच, जेथे जोडणी चांगली असेल तेथे, उतरवून पेनड्राइव्हवर घेतल्यास सर्व यंत्रांना पुरतो.

डेड स्टॉक रजिस्टरमध्ये यंत्राच्या खरेदीचा दिनांक व किंमत लिहिली जातेच. त्याच ओळीत वितरणाचे नाव, आवृत्ती व पाठबळ संपण्याचा महिना लिहावा आणि तोच महिना यंत्राच्या दर्शनी भागावर चिकटवावा, म्हणजे बदलून येणाऱ्या शिक्षकासही तो दिसेल. जी यंत्रे कोणतीही चालू आवृत्ती पेलू शकत नाहीत, ती मोडीत काढण्याची घाई नको. त्यांची जोडणी काढून, विद्यार्थ्यांची माहिती पुसून, ती टंकलेखनाच्या सरावासाठी ठेवता येतात.