जंगलाची नोंदवही आणि बाईचं म्हणणं

जैवविविधता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ताडोबाचा वाघ उभा राहतो. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पायी फिरून पोट भरणारं कोण, हे पाहिलं तर बायाच जास्त दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायचा, मे महिन्यात तेंदूपाने तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, पावसाळ्यात सात्या आणि वास्ते शोधायचे. या बाईचं म्हणणं जागतिक धोरणापर्यंत पोचतं का, आणि पोचत नसेल तर कुठे अडतं, याचा हा थोडा अभ्यास.

करार काय म्हणतो?

१९९२ साली रिओ दि जानेरो येथे जैवविविधता करार झाला. भारताने त्याला १९९४ मध्ये मान्यता दिली. निसर्ग जपण्यात आणि तो बेताने वापरण्यात स्त्रियांची भूमिका महत्त्वाची आहे, म्हणून धोरण ठरवण्याच्या प्रत्येक पातळीवर त्यांचा पूर्ण सहभाग हवा, असं त्याच्या प्रास्ताविकेतच नमूद आहे. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये कुनमिंग-माँट्रियल आराखडा ठरला. त्यात २३ लक्ष्ये आहेत. २२ वे लक्ष्य स्थानिक समूह आणि स्त्रियांच्या निर्णयातील सहभागाबद्दल आहे, तर २३ वे स्त्री-पुरुष समानतेबद्दल, म्हणजे जमीन व नैसर्गिक साधनांवरील समान हक्कांसकट.

ते गावापर्यंत कसं उतरलं?

करारामुळे आपल्याकडे २००२ चा जैविक विविधता कायदा आला. २००४ च्या नियमांनुसार स्थानिक जैवविविधता समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, असं ठरलं. समितीचं मुख्य काम म्हणजे गावाची जैवविविधता नोंदवही तयार करणं. दुसरीकडे २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्यात वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात.

कागद तर भक्कम आहे. मग अडतं कुठे?

इनपुट कोणाचं?

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नोंदवह्या पूर्ण करायला ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली होती. चुकणाऱ्या राज्याला दरमहा १० लाख रुपये भरायला सांगितले. मुदत जवळ आली की काय होतं, हे सबमिशनच्या आदल्या रात्रीचं हॉस्टेल पाहिलेल्यांना सांगायला नको! घाईत भरलेल्या वहीत झाडांची नावं येतात, पण ती माहिती कोणाला विचारली हे येत नाही.

बांबूचंच बघा. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला तो कच्चा माल, डेपोवर बांबूचे बंडल, पण स्वयंपाक करणारीला पावसाळ्यातले वास्ते. तेंदू म्हणजे ठेकेदाराला पान आणि पोराबाळांना टेंभरं. झाड एकच, पण विचारलं कोणाला यावर नोंद बदलते, आणि नोंदीवर नियम ठरतो. आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुटच अर्धं असेल, तर वरचा अहवाल कितीही छान छापा, आउटपुट अर्धंच येणार.

गावांनी काढलेली वाट

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या ग्रामसभेत घरटी एक पुरुष आणि एक बाई यावी ही रीत होती, आणि निर्णय सर्वसहमतीने होत. म्हणजे एकट्या पुरुषांच्या होकाराने काम भागत नाही. कोरची तालुक्यात अनेक ग्रामसभा मिळून महाग्रामसभा झाली, तिथेही गावागणिक पुरुषांबरोबर स्त्री प्रतिनिधी घेतल्या जातात. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला. तेंदूपानासाठी झाडं छाटली जातात, वणवे लावले जातात, म्हणून त्या ग्रामसभेने पानाचं उत्पन्न सोडून तेंदू तोडणी थांबवली. फळं माणसांना आणि पाखरांना राहिली.

हा प्रश्न जिवाचाही आहे. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मरण पावल्या. माणूस आणि वन्यप्राण्यांतला संघर्ष कमी करा, असं त्याच जागतिक आराखड्याचं चौथं लक्ष्य सांगतं. 'जंगलात जाऊ नका' एवढी सूचना लिहायला सोपी आहे. पण मे महिन्याची मजुरी गेली तर जून कसा काढायचा, किती वाजता, किती जणींनी, कुठल्या वाटेने गेलं तर धोका कमी, हे त्या बायांनाच ठाऊक असतं. त्यांच्याशिवाय केलेली योजना फाइलीतच शोभते.

म्हणून पुढच्या वेळी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला एखाद्या गावात गेलात, तर ग्रामपंचायतीत जैवविविधता नोंदवही बघायला मागा. मग मोह वेचणाऱ्या चार मावश्यांसोबत बसून ती त्यांना वाचून दाखवा. त्या काय काय राहिलं म्हणून सांगतील ते लिहून घ्या आणि समितीच्या सभेत त्यांनाच मांडायला सांगा. सभा मात्र मोहाच्या दिवसांत सकाळी ठेवू नका, नाहीतर नेमक्या त्याच यायच्या नाहीत.