‘तुम्ही’कडून ‘आपण’कडे



समाजावर संकट आले की आपण पहिला प्रश्न विचारतो तो हा : चूक कोणाची? २०२० साली कोरोनाच्या काळात आपणही तेच केले. ज्या घरी आजार शिरला, त्या घराकडे आपण बोट दाखवले. जवळ जाण्याची मनाई होती हे खरे, पण फोन करायला कोणी मनाई केली होती? तो फोनही आपल्यापैकी अनेकांनी केला नाही.

अशा वेळी स्वतःला ओळखायला चांगले साहित्य मदत करते. आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाची ‘द प्लेग’ ही कादंबरी १९४७ साली प्रसिद्ध झाली. काम्यू श्रद्धावंत नव्हते, तरी त्यांनी त्यात एका येशूसंघीय धर्मगुरूचे चित्र मोठ्या आस्थेने रंगवले आहे. अल्जेरियातील ओरान शहरात प्लेग पसरतो. भरलेल्या चर्चमध्ये फादर पॅनेलू प्रवचन देतात. ही देवाची शिक्षा आहे आणि तुम्ही तिला पात्र आहात, असे ते सांगतात. पुढे ते स्वयंसेवकांबरोबर रुग्णसेवेत उतरतात. एक लहान मुलगा तडफडत मरताना ते डोळ्यांनी पाहतात. त्यानंतरच्या प्रवचनात त्यांचा आवाज मृदू झालेला असतो. आता ते ‘तुम्ही’ म्हणत नाहीत, ‘आपण’ म्हणतात.

हा बदल पुस्तकी ज्ञानाने झाला नाही, तो रुग्णाच्या खाटेजवळ झाला. बातम्या आपल्याला मृतांचा आकडा सांगतात. कथा आपल्याला त्या खाटेजवळ नेऊन बसवते. म्हणूनच दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनाचे महत्त्व सांगणारे खास पत्र लिहिले.

जन्मांधाला पाहून शिष्यांनीही प्रभूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांनाही दोष दिला नाही. त्याने चिखल केला, त्या माणसाच्या डोळ्यांना लावला आणि त्याला दृष्टी दिली.

चिंतनासाठी : या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी योहान ९:१-७ वाचू या. पाच मिनिटे शांत राहू या. त्या काळात आपण कोणाला ‘तुम्ही’ म्हणून दूर लोटले, ते आठवू या. ते घर अजूनही आपल्याच धर्मग्रामात आहे. मिस्सानंतर त्यांच्या दारी जाऊ या.