‘पाठवला’ की ‘पाठवला होता’? व्यवहाराच्या मेसेजमधला पूर्ण भूतकाळ

व्हिडिओत फळ्यावर जे लिहिलं, ते इथे नीट मांडून देतोय. वहीत उतरवून घ्या.

आधी हे दोन मेसेज वाचा:

अ) तुमचा फोन आला, तेव्हा मी माल पाठवला.
ब) तुमचा फोन आला, तेव्हा मी माल पाठवला होता.

‘अ’मध्ये आधी फोन, मग माल. ‘ब’मध्ये फोन यायच्या आधीच माल रवाना झालेला. आता समजा, त्या फोनवर गिऱ्हाइकानं ऑर्डर रद्द केली होती. मग परतीचं भाडं कुणाच्या माथी? सगळा वाद त्या एका ‘होता’वर येतो.

रूप कसं करायचं?

पाठव, भर, मोज, ठेव हे सरळ चालणारे धातू. इथे ‘कोणी केलं’ ते बघू नका, ‘काय’ ते बघा:

- मी माल पाठवला होता.
- मी पेटी पाठवली होती.
- मी बिल पाठवलं होतं. (लेखी: पाठवले होते)
- मी डबे पाठवले होते.
- मी गोण्या पाठवल्या होत्या.
- मी पार्सलं पाठवली होती.

‘मी’च्या जागी ‘आम्ही’ किंवा ‘शेठनी’ घाला, रूप तेच राहतं.

कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागलं, की एकच रूप: मुलाला पाठवलं होतं, मुलीला पाठवलं होतं, पोरांना पाठवलं होतं.

पोहोच, थांब यांना कर्म नसतं. तिथे कर्ता बघायचा: गाडी पोहोचली होती, ट्रक थांबला होता, मी पोहोचलो होतो. बाई लिहीत असेल, तर ‘पोहोचले होते’.

आपल्याकडची खास गोष्ट

लातूर-नांदेडकडं आपण ‘मी पैसे भरलो होतो’, ‘मी माल पाठवलो होतो’ असं बोलतो. ‘मी पोहोचलो होतो’चाच साचा आपण सगळीकडं वापरतो. काउंटरवर खुशाल बोला, ती आपली बोली आहे. पण लेटरहेडवर किंवा पुण्या-मुंबईच्या पार्टीला लिहिताना ‘मी पैसे भरले होते’ असंच लिहा.

सराव

१) मी हप्ता (भर) ____.
२) आम्ही पोती (मोज) ____.
३) ट्रक निघायच्या आधी मी पावती गाडीत (ठेव) ____.

उत्तरं: भरला होता, मोजली होती, ठेवली होती.

आता तुमच्या मोबाईलमधला उधारीचा किंवा मालाचा एक जुना मेसेज काढा. आधी काय घडलं, नंतर काय, हे तिसऱ्या माणसाला त्यातून कळतं का, ते तपासा.