साथीचा रोग, झोपडपट्टी आणि आपले कर्तव्य

भगवान बुद्धांच्या संघात एक भिक्खू अतिसाराने आजारी पडला. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि जवळ कोणीही नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्यास स्वच्छ केले व उचलून मंचावर निजविले. विनयपिटकाच्या महावग्गातील हा प्रसंग बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घेतला आहे. महावग्गात याच ठिकाणी आजाऱ्याचे व शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. आजाऱ्याचा एक गुण असा की, आपले हित इच्छिणाऱ्यापाशी तो आपला आजार जसा आहे तसा उघड करतो.

साथ रोखण्याचे पहिले सूत्र हेच होय. आजार लपला तर साथ पसरते. पण तो उघड होण्यासाठी समोरचा माणूस आपले हित इच्छितो, असा विश्वास रोग्यास वाटला पाहिजे. प्रस्तुत लेखात हे सूत्र आपण दोन साथींवर पडताळून पाहू.

१) जबरदस्तीचा धडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९७ साली सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, रोग्यांना व संशयितांना बळाने हलविले, घरातील सामान बाहेर काढून जाळले. हेतू साथ रोखण्याचा होता, पण लोकांना रोगापेक्षा शिपायांचे भय अधिक वाटू लागले. त्यांनी रोगी लपविले, कित्येक जण शहर सोडून गेले.

त्याच पुण्याने दुसरी वाटही पाहिली. सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. जात न पाहता सावित्रीबाई रोग्यांची सेवा करीत राहिल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. जिथे सेवा होती, तिथे रोगी लपवावा लागत नव्हता.

२) धारावीचा धडा

१ एप्रिल २०२० रोजी धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. अडीच चौरस किलोमीटरहून कमी जागेत लाखो माणसांची ही वस्ती. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसे, आणि बहुसंख्य कुटुंबे सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून. अशा ठिकाणी ‘घरात राहा, अंतर पाळा’ हा उपदेश पुरेसा नव्हता.

म्हणून महानगरपालिकेने रुग्ण येण्याची वाट न पाहता रुग्णाचा शोध घेण्याचे धोरण स्वीकारले. वस्तीतील खाजगी डॉक्टर घरोघरी तपासणीस निघाले. लोक त्यांना वर्षानुवर्षे ओळखत होते. ताप तपासणीची शिबिरे भरली. शौचालयांचे वारंवार निर्जंतुकीकरण झाले. शाळा, सभागृहे व क्रीडासंकुल यांत विलगीकरणाची सोय झाली व तेथे जेवणही मिळाले. स्थानिक संस्था व मंडळांनी शिधा आणि अन्नाची पाकिटे वाटली. पोटाची काळजी कोणीतरी घेतो आहे हे दिसले, तेव्हा माणसे तपासणीस पुढे आली. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा गौरवाने उल्लेख केला. २५ डिसेंबर २०२० रोजी तेथे, साथ सुरू झाल्यानंतर प्रथमच, एकही नवा रुग्ण आढळला नाही.

३) यशाची मर्यादा

विद्यार्थ्यांनी या यशाकडे डोळसपणे पाहावे. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे त्यात दिसले. इतर वस्तीत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. याचा अर्थ स्पष्ट आहे. संघटनेने जीव वाचतात, पण कोंदट खोली आणि पन्नास कुटुंबांत एक शौचालय हे रोगाचे मूळ संघटनेने नाहीसे होत नाही. त्यासाठी घर, पाणी व स्वच्छता यांचा हक्काचा लढा चालूच ठेवला पाहिजे. वस्तीने स्वतःला सावरले म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही.

४) अंतर आणि अस्पृश्यता

त्या काळात ‘सामाजिक अंतर’ हा शब्द सर्वांच्या तोंडी होता. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या अंतराचेच चटके सोसले, त्याने हा शब्द तपासून घ्यावा. रोग टाळण्यास हवे असते ते शरीराचे अंतर, मनाचे नव्हे. बरा होऊन परतलेल्या रुग्णाला नळावर पाणी भरू न देणे, त्याच्या मुलांना दूर लोटणे ही नवी अस्पृश्यताच होय. ती आपल्या वस्तीत आपल्याच हातून घडू नये.

५) आपण काय करावे?

साथ आल्यावर संघटना उभी राहत नाही; ती आधीच असावी लागते. म्हणून आपल्या संस्थेने पुढील कामे आजच हाती घ्यावीत :

(अ) वस्तीतील वृद्ध, गरोदर स्त्रिया व दीर्घ आजारी यांची नोंद ठेवावी.
(आ) प्रत्येक गल्लीमागे एक तरुण व एक भगिनी स्वयंसेवक नेमावेत.
(इ) जवळच्या दवाखान्याशी व आशाताईंशी नित्य संपर्क ठेवावा.
(ई) विहाराची जागा आपत्काळात शिधावाटपासाठी उपलब्ध करून द्यावी.
(उ) आजाऱ्याच्या घरी चूल पेटली की नाही, हे रोज पाहावे.

करुणा ही केवळ वंदनेत उच्चारण्याची गोष्ट नव्हे. आजाऱ्याला आपला आजार निर्भयपणे सांगता येईल, अशी वस्ती घडविणे हे धम्माचे आचरण होय.

अभ्यासासाठी प्रश्न : १) १८९७ साली पुण्यात लोकांनी रोगी का लपविले? २) धारावीत लोक तपासणीस पुढे का आले? ३) आपल्या वस्तीत किती कुटुंबांमागे एक शौचालय आहे, हे प्रत्यक्ष पाहून लिहा.

जय भीम!