गळ्यातल्या नळीची भीती नेमकी कशाची?

रुग्णाला व्हेंटिलेटरवर आठ-दहा दिवस झाले की डॉक्टर ट्रॅकिओस्टोमीचा विषय काढतात. 'गळ्याला भोक पाडायचं' हे ऐकून नातेवाइकांचा धीर सुटतो. माझ्या मते ही भीती चुकीच्या जागी आहे. शस्त्रक्रियेत रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित फुप्फुसाभोवती हवा साठते; पण त्या वेळी हाताशी सगळी टीम असते. ब्रिटनमधल्या 2011च्या राष्ट्रीय पाहणीत, आयसीयूतल्या श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांमागे आधीच बसवलेली नळी जागची सरकणे हे एक ठळक कारण आढळले. म्हणजे सांभाळायचे आहेत ते नंतरचे दिवस. नळीभोवतीच्या फुग्याचेच, कफचेच, पाहा. त्यातला दाब साधारण 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका हवा. कमी पडला तर लाळ फुप्फुसात झिरपते आणि न्यूमोनियाला वाट मिळते. जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो, जखम होते, व्रण आकसतो आणि नलिका अरुंद होते. नळी निघाल्यावर काही महिन्यांनी जिन्यावर धाप लागते, आणि दम्याची औषधे सुरू होतात! बाहेरचा छोटा फुगा बोटांनी चाचपून हा दाब कळत नाही, मोजायला मॅनोमीटरच लागतो.

मग तोंडातली नळीच राहू द्यावी, असे कुणी म्हणेल. पण ती स्वरयंत्रातून जाते, स्वरतंतूंना इजा करते आणि सहन व्हावी म्हणून अनेकदा गुंगीचे औषध चालू ठेवावे लागते. उलट, पहिल्या चार दिवसांतच छिद्र पाडून मोकळे व्हावे, तर त्यालाही आधार नाही. 'ट्रॅकमॅन' या 2013च्या ब्रिटिश अभ्यासात घाई करून मृत्यू कमी झाले नाहीत. दहा दिवस थांबलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांना ट्रॅकिओस्टोमी लागलीच नाही.

देखभाल परिचारिकांचे काम, हे खरे. पण मणक्याच्या इजेमुळे कायम व्हेंटिलेटर लागणारा रुग्ण घरी आला की परिचारिका तुम्हीच. डिस्चार्जपूर्वी सक्शन (नळीतला स्राव ओढून काढणे) आणि आतली नळी धुणे स्वतः करून दाखवा. हवा ओलसर ठेवा. नाहीतर कफ सुकून नळी बुजते (हा कफ खोकल्यातला). खाटेशी एका मापाने लहान जादा नळी आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) ठेवा. नळीतून अचानक ताजे लाल रक्त आले, थोडे आणि आपोआप थांबलेले असले तरी, ताबडतोब रुग्णालय गाठा. मोठी रक्तवाहिनी झिजल्याची ती पूर्वसूचना असू शकते.